घरातला नेचा



या व्यासपीठावरून राज्यकारण, अर्थकारण, संतवाङ्मय असे भारदस्त विषय आपण ऐकता. आज आम्ही कुंडीतल्या एका झाडाविषयी बोलण्यास उभे आहोत, आणि झाड तरी कोणते, तर ज्याला फूल नाही, फळ नाही, वास नाही असे. नेचा हे त्याचे मराठी नाव. बाजारात आपण त्याला फर्न म्हणतो. विषय किरकोळ वाटला तरी वेळ मात्र आम्ही बरोबर साधली आहे. वैशाख चालू आहे. आपल्यापैकी ज्यांच्या घरी नेच्याची कुंडी आहे त्यांच्या नेच्याची पाने या आठवड्यात कडेने तपकिरी पडू लागली असतील. आणि ज्यांच्या घरी नाही, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या घरी ती गेल्या वर्षापर्यंत असेल.

नेचा मेला म्हणजे घरात दोन मते पडतात. एक जण म्हणतो, पाणी कमी पडले. दुसरा म्हणतो, पाणी फार झाले. मौजेची गोष्ट अशी की दोघांचेही म्हणणे खरे असते. पानाला पाणी कमी पडलेले असते आणि मुळाला फार झालेले असते. पान करपू लागलेले पाहून आपण कुंडीत तांब्यामागून तांब्या ओततो. पण पान करपते ते भोवतालच्या कोरड्या हवेने. त्याचे दुखणे कुंडीत नाहीच. मुळे मात्र त्या पाण्यात गुदमरतात, कुजतात, आणि कुजलेले मूळ पाणी ओढीत नाही. मग पान अधिकच वाळते आणि तांब्याही अधिक वेळा येतो. तुळशीला रोज पाणी घालण्याची आपली सवय जुनी आणि चांगली आहे. पण तुळस उन्हात अंगणात असते, आणि नेचा असतो दिवाणखान्यातल्या कोपऱ्यात. दोघांना एकच नियम लावणे म्हणजे पैलवानाचा खुराक आजाऱ्याला देण्यासारखे आहे.

तेव्हा नेच्याला हवे तरी काय? याचे उत्तर पुस्तकात शोधण्यापूर्वी आपण एखाद्या जुन्या विहिरीत डोकवावे असे आम्ही सुचवितो. आपला देश म्हणजे घाटावरचा देश. इथे चैत्र-वैशाखात वर शेत भाजून निघालेले असते, वाऱ्याने ओठ फुटतात, पुण्यासारख्या ठिकाणी दुपारच्या हवेतली सापेक्ष आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास उतरते. अशा वेळी बांधीव विहिरीच्या काठावरून खाली पाहिले तर आठ-दहा हातांखाली, चिऱ्यांच्या सांध्यांतून, हिरवेगार नेचे लोंबत असतात. हंसराज असतो, लांब पट्टीच्या पानांचा टेरिस असतो. त्यांना कोणी पाणी घालीत नाही. त्यांची मुळे पाण्यात बुडालेली नसतात, माती म्हणावी तर चुन्याच्या दर्जेत साचलेली चिमूटभर. परंतु खाली पाणी आहे, त्याची वाफ भिंतीला लागून वर येते, वाऱ्याचा झोत आत शिरत नाही, ऊन दुपारचे घटकाभर आणि तेही तिरपे. उजेड मात्र आभाळातून सतत येतो. नेच्याची सारी गरज या विहिरीत लिहून ठेवलेली आहे: दमट आणि स्थिर हवा, उघड्या आभाळाचा पण उन्हाचा नव्हे असा उजेड, आणि ओली राहणारी परंतु पाणी न साचणारी जागा. घरात नेचा ठेवायचा म्हणजे घरात विहिरीचा एक तुकडा करायचा.

हा स्वभाव त्याला कोठून आला? नेचे हे फार जुने कुळ. सुमारे छत्तीस कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत त्यांचे ठसे सापडतात; तेव्हा पृथ्वीवर एकही फूल उमललेले नव्हते. पण जुने कुळ म्हणून आजचे सारे नेचे जुने, असा मात्र अर्थ नाही. आज जगात नेच्यांच्या साडेदहा हजारांच्या आसपास जाती आहेत, आणि त्यांतल्या बहुसंख्य जाती सपुष्प वृक्षांची अरण्ये माजल्यानंतर त्या अरण्यांच्या सावलीत निपजल्या. मोठ्या झाडाखाली जो मंद, लालसर उजेड झिरपतो तो टिपणारे एक खास रंगद्रव्य पुष्कळ नेच्यांत आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाचा निष्कर्ष असा, की त्या द्रव्याचे जनुक नेच्यांकडे शेवाळाच्या नात्यातल्या एका क्षुद्र वनस्पतीकडून आले. सावलीत राहण्याची विद्या त्यांनी शेजाऱ्याकडून उचलली म्हणा ना! म्हणून नेच्याला सावली सोसते. अंधार मात्र सोसत नाही, आणि या दोहोंत आपण गल्लत करतो. कपाटाच्या मागे, जिन्याखाली ठेवलेला नेचा पहिले दोन महिने बरा दिसतो, कारण तो साठवलेल्या शिदोरीवर जगत असतो. आमची कसोटी सोपी आहे. कुंडीशेजारी बसून दिवा न लावता वर्तमानपत्र सहज वाचता आले पाहिजे. उत्तरेची खिडकी सर्वांत चांगली. पूर्वेची सकाळचे कोवळे ऊन येते म्हणून चालते. पश्चिमेची मात्र उन्हाळ्यात घातक.

दमट हवेचे काय करावे, हा खरा प्रश्न. या बाबतीत लंडनच्या एका डॉक्टराची गोष्ट सांगण्यासारखी आहे. नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड हे त्यांचे नाव. ते राहत लंडनच्या गोदीजवळ, कोळशाच्या धुरात. त्यांना नेच्यांचा शौक, पण धुरात नेचा जगेना. १८२९ च्या सुमारास त्यांनी एका पतंगाचा कोश ओल्या मातीत घालून बाटलीत झाकून ठेवला होता. पतंगाचे काय व्हायचे ते होवो; काही दिवसांनी त्या मातीतून एक नेचा आणि एक गवताचे पाते उगवले. बाटलीतले पाणी दिवसा वाफ होऊन काचेला लागे आणि पुन्हा खाली उतरे. ती दोन्ही रोपे वरून पाणी न घालता जवळजवळ चार वर्षे जगली. पुढे झाकण गंजले, पावसाचे पाणी आत गेले आणि ती मेली. या बाटलीवरून वॉर्डनी काचेच्या पेट्या केल्या. १८३३ साली तशा पेट्यांतून जहाजाने सिडनीला पाठविलेली रोपे सुखरूप पोहोचली. त्यापूर्वी खाऱ्या वाऱ्याने आणि गोड्या पाण्याच्या टंचाईने वाटेत बहुतेक रोपे मरत. पुढे १८४८ नंतर रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधून चहाची हजारो रोपे हिमालयाच्या उतारांवर आणली, तीही याच पेट्यांतून. एका नेच्याच्या हट्टापायी साम्राज्याच्या बागायतीला वाहन मिळाले!

आपल्याला साम्राज्य करावयाचे नाही. पण वॉर्डची पेटी आपल्या घरात सहज होते. लोणच्याची मोठी काचेची बरणी किंवा मासे मरून रिकामी झालेली काचेची पेटी घ्यावी. तळाला दोन बोटे कोळशाचे तुकडे, त्यावर माती, त्यात हंसराजाचे लहान रोप, मग झाकण. फक्त तिच्यावर ऊन पडता कामा नये. उन्हातली बंद बरणी म्हणजे चुलीवरचे भांडे, तासाभरात आतला नेचा शिजून निघतो. काचेवर सतत पाणी ओघळू लागले तर घटकाभर झाकण उघडावे.

उघड्या कुंडीला आडोसा हवा. जुन्या घरांत माठाची तिवई न्हाणीघराच्या वाटेवर, सावलीच्या कोपऱ्यात असे. माठ पाझरतो, खालची फरशी ओली राहते, वारा फिरत नाही. त्या कोपऱ्यात नेचा ज्या तऱ्हेने वाढतो त्या तऱ्हेने शोभेच्या मेजावर कधी वाढत नाही. खिडकी असलेले न्हाणीघरही उत्तम. हल्ली पुष्कळ जण कुंडी परातीत खडे-पाणी घालून त्यावर ठेवतात. ते करावे, पण त्याचा उपयोग थोडा. चार कुंड्या एकमेकींना लागून ठेवण्याचा त्याहून अधिक. आणि वाऱ्याचा झोत अडविण्याचा सर्वांत अधिक. छताच्या पंख्याखाली किंवा वातानुकूलन यंत्राच्या समोर नेचा ठेवून दिवसातून चार वेळा पिचकारीने पाणी मारणे म्हणजे एका हाताने पुसून दुसऱ्या हाताने ओले करणे. त्यातून हंसराजाच्या पानावर तर पाणी ठरतच नाही. त्याचे शास्त्रीय नाव अ‍ॅडिअँटम. ग्रीक भाषेत त्याचा अर्थच ‘न भिजणारा’ असा आहे. एक आडमार्गाचा पण जुना उपाय आहे: लहान कुंडी मोठ्या कुंडीत ठेवावी आणि मधल्या जागेत वाळू भरून ती वाळू ओली ठेवावी. मातीच्या कुंडीच्या अंगातून ओल हळूहळू आत-बाहेर होते, माती गारही राहते. यासाठी न रंगविलेली मातीचीच कुंडी पाहिजे, तेलरंग फासलेली किंवा प्लॅस्टिकची कामाची नाही.

कुंडीतली माती हलकी असावी. शेतातली काळी माती नेच्याला देऊ नये. ती ओली झाली की चिकटते, वाळली की भेगाळते. कुजलेल्या पाचोळ्याचे खत दोन भाग, जाडी वाळू एक भाग, नारळाच्या काथ्याचा भुसा एक भाग आणि मूठभर कोळशाचा चुरा, एवढे पुरे. तळाला विटांचे तुकडे. नेच्याचे खोड बहुधा मातीत किंवा मातीलगत आडवे सरपटत असते. ते खोल पुरू नये, वरच्या वर ठेवावे. पाणी सकाळी. बोट पेराएवढे मातीत घालून पाहावे. ओल लागली तर घालू नये, लागली नाही तर तळातून वाहीपर्यंत घालावे आणि ताटलीत साचलेले ओतून टाकावे. कूपनलिकेचे खारट पाणी असेल तर कुंडीच्या काठावर पांढरा थर बसतो आणि पानांची टोके जळतात. महिन्यातून एकदा पावसाचे साठविलेले किंवा गोडे पाणी भरपूर घालून माती धुऊन काढावी. पिण्याचे पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून जे टाकाऊ पाणी निघते ते काटकसरीच्या नावाखाली नेच्याला घालणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. सारे क्षार त्या पाण्यातच एकवटलेले असतात. त्याने फरशी पुसावी. खताविषयी एवढेच, की पावसाळ्याच्या दिवसांत महिन्यातून एकदा अगदी पातळ खत द्यावे, आणि एरवी नेच्याला उपाशी ठेवावे.

आता कोणता नेचा घ्यावा? आमचे मत विचाराल तर घाटावरच्या घरात पहिला नेचा बॉस्टनचा. लांब झुकत्या पानांचा, टांगून ठेवतात तो. १८९४ च्या सुमारास बॉस्टनकडे आलेल्या रोपांत एक रोप इतरांहून वेगळे, अधिक लोंबत्या पानांचे निघाले. त्याचीच संतती आज जगभर पसरली आहे. तो कोरडी हवा बरीच सोसतो, सुतासारखे धुमारे टाकतो आणि त्यांतून नवी रोपे देतो. हंसराज सर्वांत देखणा आणि सर्वांत तापट. एक दिवस तहानला तर पाने कुरकुरीत होतात, आणि कुरकुरीत झालेले पान पुन्हा ताजे होत नाही. मुंबईत, कोकणात, गोव्यात तो उघड्या कुंडीत सुखाने राहील. सोलापूर, नगरकडे त्याला बरणीतच ठेवावे. आणि लग्नाच्या हारतुऱ्यांत, पुष्पगुच्छांत जो कापसासारखा तरल ‘फर्न’ असतो, तो नेचा नव्हेच. ती शतावरीची बहीण आहे. तिला फुले येतात, फळे धरतात. तिची जोपासना निराळी.

नेचा घरातली हवा शुद्ध करतो, असे विकणारे सांगतात. १९८९ साली अमेरिकेत बंद पेटीत काही प्रयोग झाले, त्यावरून ही समजूत पसरली. २०१९ साली अशा साऱ्या प्रयोगांचा पुन्हा हिशेब मांडला गेला, तेव्हा असे दिसले की साध्या खोलीत खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याची बरोबरी करण्यास जमिनीच्या दर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत झाडे लागतील. तितकी झाडे ठेवली तर माणसांना बाहेर राहावे लागेल. नेचा ठेवावा तो तो सुंदर आहे म्हणून.

आणखी एका गैरसमजाने नेच्यांचे फार हाल होतात. एके दिवशी पान उलटून पाहावे तर मागच्या बाजूला तपकिरी ठिपक्यांच्या ओळी! कीड लागली म्हणून घरातले सुज्ञ माणूस ते ठिपके नखाने खरवडते, किंवा औषध फवारते. ती कीड नव्हे. ते नेच्याचे संतान आहे. त्या ठिपक्यांत बीजुके असतात. ओळखावे असे: बीजुकांचे ठिपके शिस्तीत असतात, बॉस्टनच्या नेच्यात पर्णिकेच्या दोन्ही कडांना मूत्रपिंडाच्या आकाराची रांग, हंसराजात पानाची कडाच दुमडून त्याखाली झाकलेले. खवले कीड मात्र वाटेल तिथे बसते, देठावरही बसते, आणि पान चिकट होते. खरी कीड असेल तर ओल्या बोळ्याने पुसून काढावी. कीटकनाशकाचे नाव काढू नये. ज्या मात्रेने कीड मरते त्या मात्रेने पुष्कळदा नेचाही मरतो.

आता एका नाजूक विषयाकडे येतो. येत्या आषाढ-श्रावणात आपल्यापैकी अनेक जण महाबळेश्वर, माथेरान, आंबोलीला जातील. दरडी नेच्यांनी झाकलेल्या असतील, आणि परतताना मोटारीच्या मागच्या बाजूला उपटलेले पाच-दहा नेचे असतील. ते दिवाळीपर्यंत टिकतात, मार्गशीर्षात माना टाकतात, आणि आपण मेले म्हणून फेकून देतो. परंतु घाटावरच्या कातळांवर, झाडांच्या बुंध्यांवर वाढणारे कितीतरी नेचे मुळी पावसाळी आहेत. पाऊस सरला की आपल्याकडचा रानहंसराज पाने टाकतो आणि त्याचे खोड मातीत निजून राहते. झाडांच्या फांद्यांवर चढणारा बाशिंग नावाचा नेचा आहे. त्याला दोन तऱ्हांची पाने: तपकिरी, खोडाला बिलगून पाचोळा अडविणारी, आणि हिरवी, लांब. उन्हाळ्यात हिरव्या पानांच्या शिरा तेवढ्या उरतात, आणि तपकिरी पानांनी साठविलेल्या ओलीवर खोड तग धरते. किल्ल्यांच्या भिंतींत वाढणारी मोरशिखा तर वाळून मुठीसारखी मिटते आणि पहिल्या सरीने पुन्हा पंखा उघडते. म्हणजे जी कुंडी आपण मार्गशीर्षात कचऱ्यात टाकतो, तिच्यातला नेचा बहुधा झोपलेला असतो. त्याला सावलीत, जेमतेम ओलसर ठेवले असते तर ज्येष्ठात तो उठला असता. दरडीवरून उपटून त्याला मारण्यात कोणाचाच लाभ झालेला नसतो.

हे वेड पूर्वी एका देशाने पुरते भोगले आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात नेच्यांचे इतके खूळ माजले की १८५५ साली चार्ल्स किंग्जली या लेखकाने त्याला एखाद्या रोगासारखे ‘टेरिडोमेनिया’ असे नाव दिले. लोक सहलीला जात ते टोपल्या आणि खुरपी घेऊन. आयर्लंडातला किलार्नीचा नेचा, धबधब्यांच्या तुषारांत वाढणारा, कित्येक ठिकाणांहून या हौसेने नाहीसा झाला, आणि आजही तो दुर्मिळच आहे. आपल्या घाटांतल्या नेच्यांची मोजदाद करणारे ‘द फर्न्स ऑफ बाँबे’ हे पुस्तक ब्लॅटर आणि डी’आल्मेडा यांनी १९२२ साली लिहिले. ब्लॅटर हे मुंबईच्या झेविअर कॉलेजातले स्विस पाद्री. १९३४ साली ते पुण्यात वारले. ते पुस्तक हाती घेऊन दरडींवर जाणारास प्रत्येक नेचा जागेवर सापडावा, अशी आमची साधी इच्छा आहे. वृक्षनेच्यांची गोष्ट तर याहून गंभीर. माणसाच्या दुप्पट उंच होणारे हे नेचे महाबळेश्वराकडच्या ओढ्यांकाठी आहेत. आमरे लावण्यासाठी म्हणून बाजारात वृक्षनेच्याच्या खोडाचे काळे, तंतुमय तुकडे येतात. असा तुकडा म्हणजे कित्येक वर्षांचे एक कापलेले झाड. वृक्षनेच्यांच्या परदेशी व्यापारावर साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराचे नियंत्रण आहे. आपण मात्र ते तुकडे न मागितले तर कोणत्याही कराराची वाट पाहावी लागणार नाही. आमऱ्यांना नारळाचे सोडण उत्तम चालते.

मग घाटातून काही आणूच नये काय? आणावे, पण कागदात. श्रावणात पिकलेल्या ठिपक्यांच्या पानाची एखादी पर्णिका घ्यावी, कोऱ्या कागदाच्या घडीत दोन दिवस ठेवावी. कागदावर तपकिरी धूळ पडते. ती धूळ म्हणजे बीजुके. डोळ्यांनी सुटी दिसत नाहीत इतकी बारीक. नेच्याचे बी कोणालाच दिसत नाही म्हणून ते ज्याच्या खिशात असेल तो माणूस अदृश्य होतो, अशी युरोपात समजूत होती. १७९४ साली जॉन लिंडसे नावाच्या, जमेकात राहणाऱ्या शस्त्रवैद्याने या धुळीपासून नेचे उगवून दाखविले आणि ती समजूत लटकी पडली.

रीत अशी. एक साधी भाजलेली वीट पाण्यात उकळून घ्यावी, म्हणजे तिच्यावरचे शेवाळ आणि बुरशी मरते. थंड झाली की ताटात उभी ठेवून ताटात दोन बोटे उकळून गार केलेले पाणी घालावे. विटेवर कागद हलकेच झटकावा आणि वर काचेचे भांडे पालथे घालावे. उजेडात ठेवावी, उन्हात नव्हे. दोन-तीन आठवड्यांनी विटेवर हिरवी झाक येते. दोन-तीन महिन्यांत नखाएवढे, बदामाच्या आकाराचे पातळ हिरवे पापुद्रे दिसतात. हा नेचा नव्हे, नेच्याची मधली पिढी आहे. शास्त्रकार तिला पूर्वकायक म्हणतात. तिच्या खालच्या अंगाला नर आणि मादी अवयव असतात, आणि नरपेशीला पोहत जाण्यासाठी पाण्याचा पापुद्रा लागतो. म्हणून या दिवसांत काच आतून ओलसर राहील याची काळजी घ्यावी. पाण्यावाचून नेच्याचा विवाहच होत नाही. त्याची ओलीची ओढ इथून सुरू होते. त्यानंतर एखाद्या पापुद्र्याखालून गुंडाळलेले, राईएवढे पहिले पान वर येते. ते सुपारीएवढे झाले की विटेवरून अलगद काढून लहान कुंडीत लावावे. कुंडीत शोभेल असा नेचा व्हायला दीड-दोन वर्षे लागतात. घाई असणाऱ्यांनी रोपवाटिकेत जावे. तिथली रोपे बहुधा फुटवे काढून किंवा प्रयोगशाळेत वाढविलेली असतात. पण विकत घेताना ते विचारून घ्यावे, आणि मुळांना घाटाची तांबडी माती चिकटलेली दिसली तर ती कुंडी तिथेच ठेवावी.

बाहेर दाराशी, चप्पल ठेवण्याच्या जागेच्या डाव्या हाताला, एका मेजावर अशी एक वीट आम्ही आणून ठेवली आहे. गेल्या श्रावणात पेरलेली आहे. तिच्यावर पापुद्रे आहेत, आणि त्यांतल्या सात-आठांना पान फुटले आहे. शेजारी भिंग ठेवले आहे. काचेचे भांडे कृपा करून उचलू नये. बाहेरची हवा अजून गरम आहे.